लघवीची जळजळ, थंडी-ताप आणि कुशीतली कळ: संसर्ग लघवीच्या पिशवीत आहे की किडनीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्षभरात चार वेळा लघवीला जळजळ झाली. दर वेळी मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिनच्या चार-सहा गोळ्या आणि लघवीचे सिरप आणले, दोन दिवसांत आराम पडला. या वेळी मात्र दोन दिवसांपासून हुडहुडी भरून ताप येतो, उजव्या कुशीत दुखते, काल दोनदा उलटी झाली. लघवीच्या साध्या तपासणीत पस सेल्स ४०-५० आले. संसर्ग किडनीपर्यंत गेला का, किडनी कायमची खराब होईल का, पुन्हा पुन्हा का होते, आणि सहा वर्षांची मुलगीही लघवी दाबून धरते, तिचे काय करावे?

ताई, आधी आजचे काम सांगतो, बाकीचे नंतर सावकाश वाचा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून हा संसर्ग किडनीपर्यंत गेला आहे असेच धरून चालायचे. आजच फिजिशियनकडे किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. तिथे लघवी कल्चरसाठी (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी) नमुना द्या आणि मग अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्या. घरात उरलेली गोळी आता तोंडात टाकू नका. दिवस राहिले असण्याची थोडीही शक्यता असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यावरून औषध बदलते. उलट्यांमुळे पाणी टिकत नसेल, श्वास जलद चालत असेल, हातपाय गार पडले असतील, बोलण्यात गोंधळ होत असेल किंवा लघवी अगदी कमी झाली असेल, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. रक्तदाब खाली गेलेला रुग्ण असेल तर आम्हीसुद्धा नमुन्यासाठी थांबत नाही, मिळेल तेवढ्यात नमुना घेऊन लगेच इंजेक्शन सुरू करतो.

हे दुखणे मुळात येते कुठून? बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून. लघवीच्या संसर्गातले दर चारांपैकी तीन ई. कोलाय या जंतूमुळे होतात. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये हा जंतू लहान मुलांच्या शौचात शोधला होता. आतड्यात तो निमूट राहतो. तिथून त्वचेवर, तिथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि वर. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण २० सेंटिमीटरचा. बायकांना हा त्रास इतका जास्त का होतो याचे सर्वांत मोठे कारण हेच. निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी होतो. म्हणून घरात कोणी ‘स्वच्छता नीट नसेल म्हणून झालं’ असे म्हणाले तर ते अजिबात मनाला लावून घेऊ नका. हा गुप्तरोगही नाही. नवऱ्याकडून ‘लागत’ नाही. संबंधांच्या वेळी आजूबाजूचेच जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, एवढाच त्याचा संबंध. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक मुलींना हा त्रास होतो आणि लाजेपायी त्या कोणाला सांगत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

पिशवीत शिरलेला जंतू सहसा लघवीबरोबर बाहेर पडतो. पण ई. कोलायच्या काही जातींच्या अंगावर बारीक तंतू असतात, त्यांनी ते पिशवीच्या अस्तराला चिकटून बसतात. वाहत्या ओढ्यात शेवाळ धरत नाही, साचलेल्या डबक्यात धरते, तसेच हे आहे. लघवी तासन्‌तास अडवून ठेवली, पाणी कमी प्यायले किंवा पिशवी पूर्ण रिकामी होत नसली की जंतूंना वाढायला सवड मिळते. तिथून ते मूत्रवाहिनीने, म्हणजे किडनीतून पिशवीत येणाऱ्या नळीने, वर चढले की किडनी गाठतात.

आता मुख्य भेद. उपचार, औषध, दिवस, दवाखान्यात राहायचे की नाही, सगळे यावर ठरते. संसर्ग फक्त पिशवीत असला तर लघवी करताना जळजळ, घडीघडी जावेसे वाटणे, गेल्यावर थेंब थेंब, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ, कधी लालसर. ताप नसतो, असला तरी कणकण. माणूस हैराण होतो, पण खाऊ-पिऊ शकतो, कामावर जाऊ शकतो. किडनीत गेला की चित्र पालटते. १०१-१०३ फॅरनहाइट ताप, दात वाजतील अशी थंडी, मळमळ, उलट्या, आणि बहुधा एकाच बाजूला कुशीत, पाठीमागे शेवटच्या बरगडीखाली दुखणे. डॉक्टर पाठीवर, शेवटची बरगडी आणि मणका यांच्या कोनात हलकी थाप मारून पाहतात. किडनी सुजलेली असली तर तेवढ्यानेही रुग्ण कळवळतो. आणि एक लक्षात घ्या, किडनीत संसर्ग असताना जळजळ असतेच असे नाही. तिच्याशिवायही नुसता ताप आणि कूस दुखणे असू शकते.

नुसत्या कंबरदुखीला मात्र ‘किडनीला सूज आली’ समजून घाबरू नका. वाकताना, उठताना, कूस बदलताना वाढणारे, ताप नसलेले दुखणे बहुतेकदा स्नायूंचे असते. मुतखड्याची कळ वेगळी. ती लाटेसारखी येते, कुशीतून जांघेकडे उतरते, माणूस गडाबडा लोळतो, आणि एरवी तिच्यात ताप नसतो. मुतखड्याच्या कळेबरोबर थंडी-ताप आला तर ती आणीबाणी आहे. अडलेल्या किडनीत पू साचू लागला तर अँटिबायोटिक कितीही भारी द्या, वाट मोकळी झाल्याशिवाय ते पुरे पडत नाही. मूत्रवाहिनीत स्टेंट टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून लघवीला वाट करून द्यावी लागते, आणि तीही काही तासांत. ‘आधी ताप उतरू दे, मग युरॉलॉजिस्टकडे जाऊ’ हा विचार इथे जिवावर बेततो.

अंगावरून पांढरे जाणे, खाज आणि लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर होणारी आग, ही तिन्ही असली तर दुखणे बहुधा योनीमार्गाचे, बुरशीचे किंवा दुसऱ्या जंतूचे असते. त्याला लघवीची गोळी देऊन उपयोग नाही, उलट बुरशी वाढते. उन्हाळ्यात मराठवाड्या-विदर्भात ‘उन्हाळी लागली’ म्हणून येणाऱ्या सगळ्यांना जंतुसंसर्ग नसतो. दिवसभर उन्हात राबून पाणी न प्यायल्याने लघवी दाट होते आणि तीही जळजळते. पाणी भरपूर प्याल्यावर काही तासांत थांबली तर तेवढेच होते.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. त्या सूज दाखवतात, जंतूचे नाव सांगत नाहीत. साधारण ५ पर्यंत त्या कोणाच्याही लघवीत दिसतात. तुमच्या ४०-५० आहेत आणि लक्षणेही जुळतात, त्यामुळे शंका नाही. पण पावसाळ्यात थंडी वाजून ताप आलेल्या माणसाच्या लघवीत ८-१० पस सेल्स दिसल्या की ‘युरिन इन्फेक्शन’चा शिक्का बसतो आणि खरा मलेरिया, डेंग्यू किंवा कोकणातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) मागे राहून जातो. हे वरचेवर घडते. म्हणून त्या रिपोर्टकडे एकटे पाहू नये. त्याच कागदावर ‘एपिथेलियल सेल्स’ भरपूर लिहिल्या असतील तर नमुन्यात त्वचेची, योनीमार्गाची सरमिसळ झाली आहे असे समजावे. नायट्राइट (काही जंतूंमुळे लघवीत तयार होणारे रसायन) पॉझिटिव्ह असेल तर जंतू असण्याची शक्यता बरीच वाढते. निगेटिव्ह असेल म्हणून जंतू नाहीतच असे होत नाही.

या सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: पहिल्या गोळीआधी कल्चरची बाटली. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या जळजळीत कल्चरशिवाय उपचार चालतो, मीही तसा करतो. पण वारंवार होत असेल, ताप असेल, गरोदरपण असेल, रुग्ण पुरुष किंवा लहान मूल असेल, मधुमेह असेल, तर कल्चर हवेच. गोळीचे दोन डोस पोटात गेले की प्लेटवर जंतू वाढत नाही. रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो, दुखणे तिथेच राहते आणि आम्ही आंधळेपणाने औषध निवडत बसतो. तुमच्या चारही खेपांचे एकही कल्चर नाही, म्हणून कोणता जंतू आहे आणि तो कशाला दाद देतो हे आज कोणालाच ठाऊक नाही.

नमुना द्यायची रीत साधी आहे, पण ती कोणी नीट सांगत नाही. लॅबमधून कल्चरची निर्जंतुक डबी घ्या. घरातली औषधाची बाटली उकळून आणलेली चालत नाही. हात धुवा. पुढचा भाग नुसत्या पाण्याने धुवा, डेटॉल वगैरे नको. बोटांनी दोन्ही बाजू दूर धरून लघवी सुरू करा, पहिली धार जाऊ द्या, मग मधली धार थेट डबीत घ्या, शेवटची सोडून द्या. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. पाळी सुरू असेल तर तसे सांगा. नमुना तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. तालुक्यावरून जिल्ह्याला पाठवायचा असेल तर फ्रिजमध्ये ठेवून बर्फाच्या डब्यातून पाठवावा. बाकावर चार तास उन्हात पडलेल्या डबीत जंतू वाढून लाखांवर जातात आणि रिपोर्ट बिनकामाचा होतो. रिपोर्टला साधारण दोन दिवस लागतात. त्यात ‘मिक्स्ड ग्रोथ’ किंवा तीन-चार जंतूंची नावे आली तर नमुना पुन्हा द्यावा. एका मिलीलिटरला एक लाख कॉलनी (जंतूंचे पुंजके) हा जुना ठोकताळा अजून छापला जातो, पण लक्षणे असलेल्या बाईत त्याहून बऱ्याच कमी संख्येलाही महत्त्व असते.

उलट, लक्षण काहीच नाही आणि हेल्थ चेकअपमध्ये कल्चर पॉझिटिव्ह आले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर स्त्री आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण, हे दोन महत्त्वाचे अपवाद. वृद्ध माणसांच्या आणि कॅथेटर (लघवीची नळी) घातलेल्यांच्या लघवीत जंतू असतातच. लघवी गढूळ दिसते, वास येतो, म्हणून दर महिन्याला अँटिबायोटिक देत राहिले की शेवटी असा जंतू उरतो की ज्याला काहीच लागू पडत नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांची सेवा करणाऱ्यांना हे मी कळकळीने सांगतो. त्यांना ताप आला, नव्याने भ्रम झाला, जेवण तुटले, तर जरूर तपासा. तेव्हा जुना कॅथेटर बदलून नव्यातून नमुना घ्यायचा, नळीला जोडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतली साठलेली लघवी पाठवायची नाही.

औषधांकडे येतो. फक्त पिशवीतल्या संसर्गाला माझी पहिली पसंती नायट्रोफ्युरँटॉइनला. १०० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, ५ दिवस. औषध जुने आहे, स्वस्त आहे, आणि भारतातल्या ई. कोलायवर अजून चांगले चालते. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नये. किडनीचे काम खूप कमी झालेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत ते देत नाहीत. दुसरा चांगला पर्याय फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅमची पावडर पाण्यात मिसळून एकदाच. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. आणि ही दोन्ही पिशवीपुरतीच. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, पण किडनीच्या मांसात आणि रक्तात पुरेसे पोहोचत नाही. कल्चर रिपोर्टवर त्याच्यापुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेले असले तरी तुमच्यासारख्या थंडी-तापात ते द्यायचे नाही. नॉरफ्लॉक्सासिनचेही तसेच, रक्तात त्याची मात्रा फार कमी राहते.

नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही एका घराण्यातली औषधे. आपल्याकडे जुलाबापासून सर्दीपर्यंत इतकी वाटली गेली की लघवीतला ई. कोलाय त्यांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे हेच दाखवत आहेत. मग तुम्हाला दोन दिवसांत बरे कसे वाटायचे? काही अंशी गोळीने जंतू कमी व्हायचे, काही अंशी सिरपने जळजळ दबायची, काही अंशी तुम्ही त्या दिवसांत पाणी जास्त प्यायच्या. साधी जळजळ कित्येकदा आपोआपही शमते. पण अर्धवट मात्रेत मागे राहिलेले जंतू तेच, जे त्या औषधाला पुरून उरले. या औषधांचे स्नायुबंधांवर आणि नसांवर होणारे दुष्परिणाम लक्षात घेऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सांगितले, की दुसरा पर्याय असताना साध्या लघवीच्या संसर्गाला ती वापरू नका. आपल्याकडे तर आणखी एक कारण आहे. ही औषधे क्षयाच्या जंतूलाही थोडे दाबतात. लघवीत पस सेल्स पुष्कळ, अधूनमधून रक्त, वारंवार जावे लागते, पण कल्चर दर वेळी कोरे, असे असेल तर मूत्रमार्गाचा क्षय मनात आणलाच पाहिजे. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने सलग तीन दिवस तपासतात, सीबीनॅट (क्षयाचा जंतू ओळखणारी चाचणी) करतात. सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. वर्षभर सिप्रोफ्लॉक्सासिन खात राहिलेल्या रुग्णात हे निदान उशिरा होते आणि तोवर मूत्रवाहिनी आवळून किडनी गेलेली असते.

सिरपबद्दलही सांगून टाकतो. ते लघवीचा आंबटपणा कमी करते, जळजळ थोडी शमते, जंतू मरत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन तर आंबट लघवीतच जास्त चांगले चालते. म्हणून ती गोळी आणि हे सिरप एकाच चिठ्ठीवर लिहिणे मला पटत नाही. लघवी नारिंगी करणारी वेदनाशामक गोळी मिळते, तीही फक्त एक-दोन दिवसांचा आराम. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांपासून या दिवसांत दूर राहा. शरीरात पाणी कमी असताना ती किडनीला इजा करतात. कुठे ‘ताप उतरायचे इंजेक्शन’ म्हणून डायक्लोफिनॅक देऊ लागले तर विचारायला संकोचू नका.

किडनीच्या संसर्गात आज तुमचे काय होईल? रक्ताच्या तपासण्या होतील: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी तपासणी), साखर. गरोदरपणाची चाचणी. सोनोग्राफी, मुख्यतः खडा किंवा अडथळा आहे का हे पाहायला. किडनीच्या संसर्गात सोनोग्राफी कित्येकदा नॉर्मल येते, म्हणून ‘सोनोग्राफीत काही नाही’ ऐकून उपचार सोडू नये. उलट्या होत आहेत, त्यामुळे तुम्हाला दोन-तीन दिवस दाखल करून शिरेतून औषध देणे मला योग्य वाटते. सेफ्ट्रियाक्सोन हे नेहमीचे इंजेक्शन आहे, पण आपल्याकडे ईएसबीएल नावाचे विकर तयार करणारे जंतू बरेच आहेत. ते त्याला निकामी करतात. तसा संशय असला किंवा प्रकृती नाजूक असली तर अमिकॅसिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेमच्या घराण्यातले औषध द्यावे लागते. अमिकॅसिन स्वस्त आहे आणि गुणकारी आहे, फक्त क्रिएटिनिनवर आणि कानांवर लक्ष ठेवावे लागते. कल्चर आल्यावर, जमेल तितक्या लवकर, त्यातल्या त्यात साध्या आणि गोळीने देता येणाऱ्या औषधावर उतरायचे. एकूण ७ ते १४ दिवस, औषध आणि प्रतिसाद पाहून.

योग्य औषध सुरू झाले तरी पहिल्या दिवशी ताप पुन्हा चढेल. त्याने खचू नका आणि लगेच दवाखाना बदलू नका. ४८ ते ७२ तासांत ताप उतरणीला लागला पाहिजे. नाही लागला तर औषध जंतूला लागू नाही, किंवा किडनीत गळू झाले आहे, किंवा कुठेतरी वाट अडली आहे. तेव्हा सीटी स्कॅन करावा लागतो. ताप गेला की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो, विशेषतः शाळा सुरू असताना. ठरलेले दिवस पूर्ण करा.

किडनी कायमची खराब होईल का? तुम्हाला मधुमेह नाही, खडा नाही, अडथळा नाही असे आढळले, तर वेळेवर उपचार झालेला एखादा संसर्ग किडनी निकामी करत नाही. वाढलेले क्रिएटिनिन बहुधा खाली येते. दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा तपासून घ्या, म्हणजे मनही स्वस्थ होईल.

मधुमेह असलेल्यांनी मात्र हा परिच्छेद दोनदा वाचावा. साखर वाढलेली असताना किडनीच्या संसर्गात कधी कधी जंतू किडनीच्या मांसातच वायू तयार करतात. त्यात किडनी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात, आणि सुरुवात साध्या थंडी-तापासारखीच असते. म्हणून मधुमेही रुग्णाला ताप आणि कूस दुखणे असेल तर आम्ही सीटीला लवकर पाठवतो. शिवाय डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० नंतर आपल्याकडे स्वस्त झाले आणि खूप जणांना सुरू आहे. औषधे चांगली आहेत, हृदयाला आणि किडनीला जपतात, पण त्यांच्यामुळे जननेंद्रियाच्या बुरशीचा त्रास वाढतो. ताप, उलट्या, जेवण बंद अशी अवस्था आली की डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून ही गोळी तात्पुरती थांबवण्याबद्दल विचारा.

गरोदर स्त्रीबद्दल थोडक्यात. गर्भारपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी रेंगाळते, म्हणून लक्षण नसलेले जंतूही वर चढतात आणि मुदतीआधी कळा सुरू होऊ शकतात. पहिल्या भेटीतच कल्चर करून घ्यावे, पॉझिटिव्ह आले तर उपचार करावा, आणि ताप असेल तर दाखलच व्हावे. पुरुषांच्या बाबतीत साधी जळजळ म्हणून सोडून देऊ नये. प्रोस्टेट, खडा, लघवी मागे राहणे यांचा शोध घ्यावा लागतो आणि औषधही जास्त दिवस चालते.

पुन्हा पुन्हा का होते, या तुमच्या प्रश्नावर. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाले की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, तुम्ही त्यात बसता. तुमच्यासारख्या शिक्षिकेला मी पहिला प्रश्न विचारेन: शाळेत स्वच्छतागृह आहे का, त्याला कडी आणि पाणी आहे का? कारण उत्तर बहुधा तिथेच असते. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत जायला लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या शिक्षिका, एसटीच्या वाहक, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस, ऊसतोडीला गेलेल्या बाया माझ्यासमोर येऊन बसतात, आणि त्यांना ‘पाणी जास्त प्या’ एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) मोहीम चालवणाऱ्या बायकांनी हा आरोग्याचा प्रश्न आहे हे ठासून सांगितले, ते अगदी खरे आहे. तुमच्या शाळेत कडी नसेल तर ती मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, डॉक्टरांचा दाखला लागला तर तो मागून घ्या.

पाण्याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बल्गेरियात झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, दुसऱ्या गटाला ३.२ वेळा. धण्याचे पाणी, जवाचे पाणी, पातळ ताक यांनी पोटात पाणीच जाते, म्हणून मी त्यांना नाही म्हणत नाही. फक्त किडनीचा जुना आजार असलेल्यांनी नारळपाणी आणि काढे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दर तीन तासांनी लघवीला जा, आणि संबंधांनंतरही. योनीमार्ग सुगंधी वॉशने धुऊ नका, तिथले चांगले जंतू त्याने मरतात. शुक्रजंतुनाशक जेल वापरत असाल तर दुसरे साधन निवडा. जेट स्प्रे वापरताना पाणी मागून पुढे येणार नाही असे धरा. बद्धकोष्ठ असेल तर ते बरे करा.

एवढे करूनही होत राहिले तर पुढचे उपाय आहेत: संबंधांनंतर अँटिबायोटिकचा एकच डोस, किंवा मिथेनामाइन हिप्युरेट, जे अँटिबायोटिक नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ते रोजच्या कमी मात्रेच्या अँटिबायोटिकच्या तोडीस उतरले. पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम खूप उपयोगी पडते आणि आपल्याकडे ते फारच कमी लिहिले जाते. आईला किंवा सासूबाईंना हा त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा.

आता मुलीबद्दल. ती टाच खाली दाबून बसते का, पाय आवळून उभी राहते का, ते पाहा. मुले लघवी रोखायला असे करतात. शौचाला खडा होतो का, हे त्याहून महत्त्वाचे. भरलेले आतडे पिशवीला दाबते आणि ती पूर्ण रिकामी होत नाही. अशा कित्येक मुलांचे निम्मे काम बद्धकोष्ठ बरे केल्यावर होते. घरी दर दोन-तीन तासांनी तिला बसवा, पाय टेकलेले असू द्या, घाई करू नका. रागावू तर मुळीच नका. खाज असेल तर जंत किंवा साबणाचा त्रास आहे का तेही बघून घ्या. सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवी तपासा, कल्चरसकट. तापासह संसर्ग एकदा जरी सिद्ध झाला तरी बालरोगतज्ज्ञ सोनोग्राफी करतील, कारण काही मुलांत लघवी पिशवीतून उलटी किडनीकडे जाते आणि लहान वयात त्याचे व्रण राहतात. तीन महिन्यांहून लहान बाळ असेल तर ताप आल्याबरोबर दवाखाना. मुलगा असेल आणि धार थेंबथेंब येत असेल तर मूत्रमार्गातल्या झडपेचा जन्मजात अडथळा तपासायचा. तुमची मुलगी आधी कोरडी राहत होती आणि आता नव्याने अंथरूण ओले करू लागली, तहानही वाढली असेल, तर तिची रक्तातली साखर त्याच दिवशी तपासून घ्या.